उपाशीपोटी

आत्याने गाडी शिकवणे बंद करायचे ठरवले ते एका अंकावरून, आणि तो अंक मी काढला होता.

तिचा म्हणून काढला नव्हता. माझ्यापुढे नावे येतच नसत. आमच्या केंद्रात अशा माणसांचे रक्त घेतले जाई, ज्यांची स्मरणशक्ती किंचित सैल झाली आहे, पण जी अजून आपले आपण सगळे करतात. त्या रक्तातले मेद, ज्यांना डॉक्टर लिपिड म्हणतात, एका मोठ्या यंत्रातून मोजले जात. ते शेकडो प्रकारचे असतात. त्यांचे आकडे माझ्या पडद्यावर उतरत आणि त्या गर्दीतून मला एकच गोष्ट शोधायची होती: यांतल्या कोणाचे विस्मरण आहे तिथेच थांबेल आणि कोण पुढच्या काही वर्षांत अल्झायमरच्या दिशेने सरकेल. शोध लागला होता. मेदांचा एक लहानसा गट ज्यांच्या रक्तात वाढलेला दिसे, ती माणसे पुढे घसरत. खूण इतकी ठळक होती की मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, ज्यांची इच्छा असेल अशांना त्यांचा अंक, म्हणजे पुढे घसरण्याची शक्यता किती ते, सांगण्याची परवानगीही मिळवली.

आत्याने इच्छा आहे असे सांगितले. तिचा स्वभावच तसा. समोरून काय येते आहे ते दिसलेच पाहिजे, मग ते काहीही असो.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई-वडील नोकरीपायी दूर असल्याने माझे शाळेचे सारे वय तिच्या घरी गेले. घर वरच्या मजल्यावर, खाली तिची ड्रायव्हिंग स्कूल. एक खोली, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, आणि दाराशी ती पांढरी गाडी, जिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. अर्ध्या शहराने त्या गाडीत पहिल्यांदा क्लच दाबला होता. शिकायला येणारे तिला मोठ्या बाई म्हणत. तिच्याच हाताखाली शिकून पुढे तिथेच शिकवू लागलेली एक बाई होती, ती धाकट्या बाई. मला मात्र आत्या घुम्या म्हणे. मी बोलत नसे म्हणून. त्यातून मी गाडीही शिकलो नाही, हे दुःख ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. साऱ्या गावाला चाकावर बसवले आणि घरचे पोर अजून पायी, असे म्हणून माझ्याकडे असे पाही, जणू मी उभ्या उभ्या बंद पडलेले इंजिन आहे.

विस्मरणाची शंका तिची तिलाच आधी आली. वर्षानुवर्षांच्या वळणावर एकदा तिला पुढचा रस्ता सुचेना. तिने शिकणाऱ्याला गाडी कडेला घ्यायला लावली, त्याला आरशाबद्दल चार गोष्टी नव्याने सांगितल्या आणि तेवढ्यात रस्ता आठवून घेतला. दुसऱ्या दिवशी ती स्मृतिचिकित्सालयात गेली आणि तिथून आमच्या अभ्यासात दाखल झाली. मला नंतर कळले.

अंक डॉक्टरांनी तिला समजावून सांगितला. मला तिने एका शब्दात कळवला.

“नापास.”

महिनाअखेरीला गाडी आणि किल्ल्या धाकट्या बाईंच्या ताब्यात द्यायच्या, असे तिने त्याच दिवशी ठरवून टाकले. मी माझी भाड्याची खोली सोडून तिच्याकडे राहायला आलो. का आलो ते मी बोललो नाही, तिने विचारले नाही. फक्त माझी पिशवी पाहून म्हणाली, की पहारेकरी ठेवायचा तर निदान बोलका तरी ठेवायचा.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीसारखे. खिडकीशी उभी राहून ती खालची गाडी पाहत राही. शिकवण्यात तिने तसूभरही कसर केली नव्हती, चिकित्सालयानेही अजून तिला चालवू नका असे म्हटले नव्हते; पण अंक कळल्यापासून तिचा उजवा पाय ब्रेकवरून हलत नसे, असे धाकट्या बाई मला जिन्यात हळू आवाजात सांगून गेल्या. मोठ्या बाई स्वतःलाच ब्रेक लावून बसल्या आहेत, असे त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे न पुसता तशाच खाली गेल्या.

वर्षाचे दुसरे रक्त द्यायचा दिवस आला, तेव्हा मी पहिल्यांदाच तिच्या सोबत जायचे ठरवले. या रक्ताची एकच अट असते. आदल्या संध्याकाळच्या जेवणानंतर पाण्याखेरीज काही घ्यायचे नाही. खाल्ले की अन्नातला मेद काही तास रक्तात तरंगत राहतो आणि मोजमाप बिघडते. हे सगळ्यांना सांगितलेले असते. आत्याने मला आदल्या दिवशी ते दोनदा सांगितले, जणू रक्त माझेच घ्यायचे होते.

सकाळी मला जाग आली तेव्हा ती कपडे करून खुर्चीत बसली होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. शेगडीवरचा तवा कोमट होता. कचऱ्याच्या डब्यात अंड्याचे टरफल होते, ओट्यावर पावाचा चुरा, आणि लोण्याचे झाकण उघडे.

“आत्या, तू काही खाल्लंस का?”

“खुळा आहेस का तू? आज रक्त द्यायचंय. पोटात कावळे ओरडतायत नुसते.”

तिच्या चेहऱ्यावर लपवाछपवीची छटाही नव्हती. खोटे बोलताना तिची मान किंचित डावीकडे कलते. मान सरळ होती. मला वाटले, टरफल कालचे असेल. तवा उन्हाने तापला असेल. माणसाला जे पाहायचे नसते, ते न पाहण्यासाठी तो किती कारणे जमवतो, याचे मला त्या सकाळी नवल वाटले नाही. ते नंतर वाटले.

केंद्रात बरीच गर्दी होती, आमचा नंबर उशिरा लागला. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधता बांधता नेहमीचा प्रश्न विचारला, उपाशी आहात ना? आत्या म्हणाली, काल संध्याकाळपासून. रक्त घेतले गेले. मी सिस्टरच्या मागोमाग आतल्या खोलीत गेलो. मी तिथला माणूस असल्यामुळे मला कोणी अडवले नाही, पण दोन वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकले नव्हते. रक्ताच्या आकड्यांबरोबर मी जेवलो होतो, झोपलो होतो. रक्त मात्र कधी पाहिले नव्हते.

नळ्या गरागरा फिरवणारे यंत्र थांबले. लाल भाग तळाशी बसतो आणि वर पातळ द्रव राहतो, तो प्लाझ्मा. त्याने स्वच्छ असायला हवे, वाळलेल्या गवताच्या रंगाचे, पलीकडचे बोट दिसेल इतके पारदर्शक. आत्याच्या नळीतला द्रव गढूळ होता. कोणी त्यात दुधाचे बोट बुडवून काढावे तसा.

म्हणजे तवा आजचाच होता.

मी ती नळी परत ठेवली आणि तेव्हा माझी नजर शेजारच्या नळ्यांकडे गेली. निळ्या झाकणाच्या नळ्या विस्मरण असलेल्यांच्या, पांढऱ्या झाकणाच्या निरोगी स्वयंसेवकांच्या. पांढऱ्यांच्या रांगेत सगळे स्वच्छ होते. निळ्यांच्या रांगेत मधूनमधून धुके उतरले होते. मी सिस्टरना विचारले, हे असे नेहमीच असते का. त्या म्हणाल्या, काहींचे रक्तच तेलकट असते, वय झाले की व्हायचेच. मग नळ्या उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीत गेल्या, जिथे धुकेही गोठते आणि स्वच्छही.

आत्याला रिक्षात बसवून घरी पाठवले आणि मी माझ्या टेबलाशी जाऊन बसलो.  ज्यांना खाल्लेले आठवत नाही, ते उपाशी आहोत असे मनापासून सांगतात. ज्यांना सकाळचे खाणे त्याच सकाळी आठवत नाही, त्यांचा आजार इतरांपेक्षा पुढे गेलेला असतो, आणि पुढे घसरणारेही तेच. आमचा तो ठळक गट, ज्याच्यावर आम्ही लेख लिहिला होता, तो पाव-लोण्याचा तर नव्हता?

तपासायला एक वाट होती. घरात ज्याला सोबत असते त्याला सहसा सकाळी खाऊ दिले जात नाही; नवरा, बायको, सून, कोणीतरी हातातला घास काढून घेते. एकट्या माणसाला अडवणारे कोणी नसते. मी सगळ्या सहभागींचे दोन भाग केले, एकटे राहणारे आणि कोणाबरोबर राहणारे, आणि हिशेब पुन्हा मांडला. एकट्यांमध्ये आमची खूण दिव्यासारखी पेटलेली होती. सोबत असलेल्यांमध्ये ती जवळजवळ विझली. राखेखाली एकदोन निराळे मेद मिणमिणत होते, इतके अंधुक की त्यांना खूण म्हणायला धीर होईना.

दोन वर्षे आम्ही रक्तातून भविष्य वाचत नव्हतो. न्याहारी वाचत होतो.

मॅडमच्या दारावर टकटक करायला मला फार वेळ लागला. बोलायचे वाक्य मी मनात पाठ केले, आत गेल्यावर ते विसरलो आणि नुसते दोन आलेख त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते पाहिले. मग मला बसायला सांगून त्यांनी एकामागून एक शंका काढल्या, आणि प्रत्येक शंकेला उत्तर देताना मला जाणवत होते की त्यांना मी चुकलेला हवा आहे, आणि मलाही तेच हवे आहे. शेवटी त्या खुर्चीत मागे रेलल्या.

“पण भाकीत तर बरोबर येतंय ना? मग कुठून का येईना.”

“येतंय,” मी म्हणालो. “पण घरात कोणी पाव काढून घेणारं असलं की येत नाही. आणि ज्याने नुसता नियम मोडला, विसरला काहीच नाही, त्यालाही आपण आजारी ठरवतो.”

त्यांनी दोन्ही आलेख पुन्हा जवळ ओढले. मग म्हणाल्या की लेख थांबवायचा. रक्त सगळ्यांचे पुन्हा घ्यायचे, आणि या वेळी संध्याकाळपासून प्रत्येकाजवळ आपला माणूस बसवायचा, खर्च कुठून येईल ते त्या पाहतील. ते मिणमिणणारे एकदोन मेद खरे असतील तर स्वच्छ रक्तातच दिसतील. त्यांचा आवाज थकलेला होता, पण त्यात कुठे भेग नव्हती. मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जेवढा आदर वाटला तेवढा लेख पूर्ण झाला तेव्हाही वाटला नव्हता.

राहिले ते अंक सांगितलेले लोक. त्या सगळ्यांना अंक मागे घेतल्याचे कळवणे भाग होते. मॅडम म्हणाल्या की कारण म्हणून तांत्रिक अडचण एवढेच सांगावे. खरे कारण सांगायचे म्हणजे प्रत्येकाला म्हणायचे, की तुम्ही खाल्ले होते आणि तुम्हाला आठवत नाही. एकदा घाव घातला आहे, दुसरा कशाला.

मी मान डोलावली. घरी जाताना रस्ताभर ते दोन शब्द मी तोंडात घोळवत होतो. तांत्रिक अडचण. ते गोड होते. ते उच्चारले की आत्या खिडकीपासून दूर होणार होती, महिनाअखेर रद्द होणार होती, पांढऱ्या गाडीत ती पुन्हा हक्काने बसणार होती. त्यात असत्यही नव्हते. अडचण होतीच.

पण गाडीत शेजारी कोणीतरी शिकाऊ बसलेले असणार होते. पुढे झेब्रा क्रॉसिंग असणार होते. ज्या पायाने ब्रेक दाबायचा, त्या पायाच्या बाईला आज सकाळी खाल्लेले अंडे आठवत नव्हते, हे त्या गावात मला एकट्याला ठाऊक होते. अंक चुकीचा होता, हे तिला सांगणे माझे कर्तव्य होते. आणि तो का चुकीचा होता हे सांगितल्यावाचून ते सांगणे म्हणजे तिच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखे झाले असते. जिला समोरून येणारे दिसलेच पाहिजे, तिच्या.

जिना चढताना माझे ठरले होते. 

ती टेबलाशी बसून चाव्यांच्या जुडग्यातून घराच्या चाव्या वेगळ्या काढत होती. मी समोर बसलो आणि सांगितले. अंक मागे घेतला आहे. सगळ्यांचाच. आमची चूक झाली. तिने चाव्या खाली ठेवल्या. तिच्या चेहऱ्यावर जे उमटू लागले ते मला पाहवेना, म्हणून मी थांबलो नाही, पुढचेही एका दमात सांगितले: तवा, टरफल, गढूळ नळी, निळी झाकणे, एकटे राहणारे लोक. एवढे सलग मी तिच्याशी आयुष्यात बोललो नव्हतो.

ती ऐकत राहिली. मग तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, स्टिअरिंग धरावे तशी.

“म्हणजे आज मी खाल्लं.”

“हो.”

“काय?”

“अंडं. आणि लोणी लावून पाव.”

“लोणी पण,” ती म्हणाली. “चैनच केली म्हणायची. आणि मला पत्ता नाही.”

 ती हसली, पण ते हसू मध्येच संपले.

“मी त्या सिस्टरला खोटं सांगितलं असं तुला वाटतं?”

“नाही. तुला खरंच तसं वाटत होतं.”

“हं.” तिने टेबलाची कड सोडली. “घुम्या, वळण्याआधी आरसा बघ म्हणून मी लोकांना सांगते. काही जण नुसती मान हलवतात आणि वळतात. विचारलं तर शपथेवर सांगतात, बाई, बघितला. खोटं नाही बोलत ते. त्यांना खरंच वाटत असतं. अशांना मी कधी परीक्षेला पाठवलं नाही. कितीही रडले तरी.”

 मी तिला सांगू पाहत होतो की एका न्याहारीवरून काही सिद्ध होत नाही, चिकित्सालयात पुन्हा तपासून घेऊ, घाई नको. ती माझ्याआधी उठली होती.

“रक्त काय म्हणायचं ते म्हणू दे नंतर. त्याला वेळ लागेल, लागू दे. रस्ता थांबत नाही तेवढा.”

खाली दुपारचा शिकाऊ येऊन उभा होता, एक टक्कल पडलेला गृहस्थ, जो नव्या नोकरीसाठी या वयात गाडी शिकत होता आणि गाडीकडे चावऱ्या कुत्र्याकडे पाहावे तसा पाहत होता. आत्याने खिडकीतून धाकट्या बाईंना हाक मारली आणि हा तास तुम्ही घ्या म्हणून सांगितले. त्यांनी वर पाहिले.  आत्या चपला घालून जिना उतरू लागली, मी मागोमाग. मला वाटले ती दारात उभी राहून पाहील. तिने गाडीचे मागचे दार उघडले आणि आत बसली, आणि शेजारची जागा थोपटून मलाही बस म्हणाली.

इतक्या वर्षांत मी तिला मागे बसलेले पाहिले नव्हते. तिने पट्टा लावला. समोर दोन डोकी होती, तिच्या पायाखाली ब्रेक नव्हता, आणि तिचे गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले होते. गृहस्थांनी चावी फिरवली, गाडी धक्का देऊन बंद पडली. धाकट्या बाईंनी काही म्हणण्याआधी मागून आवाज आला, की क्लच सोडा, पण भांडल्यासारखा सोडू नका. गृहस्थ कसनुसे हसले. दुसऱ्या खेपेला गाडी निघाली.

पहिल्या वळणापर्यंत ती बाहेर पाहत होती. मग तिने विचारले, माझे पुन्हा रक्त घ्यायचे आहे का. मी म्हणालो, सगळ्यांचेच. पुढच्या आठवड्यात, आणि आदल्या संध्याकाळपासून मी तिच्याजवळ बसणार आहे. आणखी कोणाकोणाजवळ बसायला लागेल, असे तिने विचारले. मी म्हणालो, बऱ्याच जणांजवळ. त्या सगळ्यांना खरे सांगणार का, हा तिचा पुढचा प्रश्न होता. मॅडमशी पुन्हा बोलायला हवे होते; त्या काय म्हणतील ते मला माहीत नव्हते. मी म्हणालो, हो, सांगायला लावीन.

“तू लावशील?” तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. “बरं. मग रक्त द्यायचा वार मला आजपासून रोज सांगत जा. मी विचारणार नाही. तू आपणहून सांगायचं.”

मी तो सांगितला. तिने ओठ हलवून तो स्वतःशी म्हटला, आणि पुढे झुकून धाकट्या बाईंना म्हणाली की यांना आज चौकातून न्या, गल्लीत किती दिवस फिरणार.